फर्नेस पेटत नाही किंवा पेटून विझते: सेफ्टी स्विच कसे तपासायचे

रात्रीचे दोन वाजलेत, घर गार पडलंय, घर गरम करणाऱ्या गॅस फर्नेसची घरघर ऐकू येतेय पण ऊब काही येत नाही. अशा वेळी पहिलं मनात येतं ते हेच, की कुठला तरी स्विच गेला असेल, बदलून टाकू. आमच्याकडे एका हिवाळ्यात प्रेशर स्विच, म्हणजे धुराचा मार्ग मोकळा आहे का हे बघणारा स्विच, असाच दोनदा बदलला गेला. दर वेळी आठ-दहा दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच रडगाणं. तिसऱ्या वेळी मी स्वतः टॉर्च घेऊन बसलो. स्विचला जोडलेली करंगळीपेक्षा बारीक रबरी नळी काढून उजेडासमोर धरली, तर तिच्या लोंबलेल्या भागात पाणी साचलेलं. नळी तिरकी केली की ते इकडून तिकडे सरकायचं. नवा स्विच बसवताना नळी काढली जायची, पाणी आपोआप गळून जायचं, आणि आम्हाला वाटायचं की नव्या स्विचने काम केलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. सेफ्टी स्विच का उघडला, म्हणजे त्याने सर्किट का तोडलं, हे कळल्याशिवाय तो बदलायचा नाही. आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून त्याला वगळायचं, हे तर कधीच नाही.

हात लावण्याआधी

गॅसचा वास येत असेल तर तपासणी वगैरे काही करायची नाही. दिव्याचं बटण दाबू नका, फोनही घरात लावू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला किंवा आपत्कालीन सेवेला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला किंवा घरातल्या एकाहून जास्त माणसांना एकदम डोकेदुखी, मळमळ, गरगरणं सुरू झालं, तरी हेच करायचं. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म नसेल तर फर्नेसच्या दुरुस्तीआधी तो आणा.

असं काही नसेल तर थर्मोस्टॅट बंद करा, फर्नेसचा वीजपुरवठा ब्रेकरवरून किंवा शेजारच्या स्विचवरून बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं ती थंड होऊ द्या. टॉर्च, साधा मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि नट ड्रायव्हरचा संच एवढी हत्यारं पुरतात. वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाच वायरी सुटल्या की कुठली कुठे होती हे कुणालाच आठवत नाही.

पेटण्याचा क्रम

फर्नेस ठरलेल्या क्रमाने पेटते, आणि ती कोणत्या पायरीवर अडली हे कळलं की निम्मं काम झालं. थर्मोस्टॅट उष्णता मागतो तेव्हा २४ व्होल्टचा इशारा कंट्रोल बोर्डाला मिळतो. बोर्ड आधी दोन गोष्टी बघतो. लिमिट (फार तापलं की उघडणारा) आणि रोलआउट (ज्योत बाहेर आली की उघडणारा) हे स्विच बंद, म्हणजे जोडलेले आहेत ना, आणि प्रेशर स्विच अजून उघडा आहे ना. मग इंड्यूसर मोटर सुरू होते. हा जळालेला वायू बाहेर खेचणारा छोटा पंखा. त्याच्या ओढीने प्रेशर स्विच जोडला जातो. काही सेकंद आतली हवा साफ होते, मग इग्नायटर लालभडक तापतो किंवा ठिणगी पडते, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात. ज्योत खरोखर आहे याची खात्री फ्लेम सेन्सर काही सेकंदांत देतो. साधारण अर्ध्या मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होऊन गरम हवा घरात येते.

झाकणातून आत बघायला बहुतेक फर्नेसना काचेची बारीक खिडकी असते. पुरवठा चालू करून, झाकणं नीट लावून, थर्मोस्टॅट वाढवा आणि खिडकीशी बसून हा पूर्ण क्रम एकदा नीट बघा, ऐका. घाई करू नका. सगळ्यात जास्त माहिती याच दोन-तीन मिनिटांत मिळते.

बोर्डावरचा लुकलुकणारा एलईडी दिवाही बहुतेक वेळा अशाच एखाद्या खिडकीतून दिसतो. तो किती वेळा लुकलुकतो, मध्ये किती थांबतो हे मोजा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्याशी ताडून बघा. कोडचा अर्थ प्रत्येक बनावटीत वेगळा असतो, म्हणून तुमच्याच फर्नेसवरचा तक्ता वापरा. एक सावधगिरी बाळगा: बऱ्याच बोर्डांवर वीज बंद केली की कोड पुसला जातो. आधी कोड लिहून घ्या, मगच स्विचला हात लावा.

काहीच घडत नसेल, ना आवाज ना दिवा, तर खालचं झाकण नीट बसलंय का ते पाहा. झाकणामागे एक दाबाचा स्विच असतो. झाकण जरा जरी तिरकं बसलं तर अख्खी फर्नेस मेल्यासारखी पडून राहते. फिल्टर बदलल्यावर लगेच बंद पडलेल्या फर्नेसमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं. ते ठीक असेल तर बोर्डावरचा गाडीत असतो तसा चपटा फ्यूज पाहा. तो सहसा ३ किंवा ५ अँपिअरचा असतो. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, मोठा नाही. तोही लगेच जळला तर बहुधा थर्मोस्टॅटच्या वायरी कुठेतरी एकमेकींना किंवा पत्र्याला चिकटल्या आहेत. निचऱ्याच्या पाण्यासाठी तरंगता स्विच बसवलेला असेल, तर पाणी तुंबल्यावर तोही सगळं बंद पाडतो.

इंड्यूसर फिरतो, पुढे काही होत नाही: प्रेशर स्विच

मोटरचा आवाज येतो, मिनिटभर, दोन मिनिटं येतच राहतो, पण इग्नायटर तापत नाही. हे लक्षण दिसलं की नजर प्रेशर स्विचवर जाते. हा गोल डबीसारखा स्विच, आत पातळ पडदा, बाहेर एक किंवा दोन रबरी नळ्या. इंड्यूसरने पुरेशी ओढ निर्माण केली की पडदा सरकतो आणि टक् असा आवाज येऊन संपर्क जुळतो. धुराचा मार्ग मोकळा आहे, एवढीच ग्वाही तो देतो. तो जुळत नसेल तर दहापैकी आठ-नऊ वेळा दोष त्याच्या आजूबाजूला असतो, असं मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

वीज बंद करून नळी दोन्ही टोकांनी काढा. टोकाला चीर गेली असेल तर सेंटिमीटरभर कापून परत लावता येते. पण नळी कडक झाली असेल तर पूर्णच बदला. आत पाणी असेल तर झटकून काढा आणि बसवताना नळी मध्ये लोंबणार नाही असं पाहा, कारण त्या झोळातच पाणी साचतं. नळी जिथे इंड्यूसरच्या डबीला जोडलेली असते तिथलं छोटं भोकही गंज आणि राखेने बुजतं. बारीक तार हलकेच फिरवून ते मोकळं करा. नळी स्विचला जोडलेली असताना तिच्यात तोंडाने जोरात फुंकू किंवा ओढू नका, आतला पडदा फाटतो. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही.

नंतर घराबाहेर जा. धूर बाहेर सोडणारा आणि हवा आत घेणारा असे दोन्ही पाइप बघा. पाला, बर्फ, गांधीलमाशीचं किंवा पक्ष्याचं घरटं, काहीही असू शकतं. जोराचा वारा वाहतो त्याच दिवशी फर्नेस अडते असं दिसलं तर या पाइपांची तोंडं आणि दिशा संशयास्पद आहेत.

तुमच्या फर्नेसचा धुराडा प्लॅस्टिकच्या पाइपाचा असेल तर ती कंडेन्सिंग प्रकारची आहे. म्हणजे धुरातली वाफ आतच थंड होऊन पाणी बनते आणि ते ट्रॅपमधून, म्हणजे थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या भागातून, निचऱ्याला जातं. हा ट्रॅप शेवाळासारख्या चिकट गाळाने तुंबतो, पाणी आत चढतं आणि प्रेशर स्विचचं भोक बुडवतं. आमच्या घरच्या त्या पाण्याचं मूळ शेवटी इथेच निघालं. ट्रॅप काढून कोमट पाण्याने धुवा, निचऱ्याची नळी शेवटपर्यंत मोकळी आहे का बघा आणि परत बसवताना ट्रॅपमध्ये पाणी भरा. रिकामा ट्रॅप राहिला तर इंड्यूसर त्यातूनच हवा ओढतो आणि पाणी निचरत नाही. ही पायरी विसरून पुन्हा त्याच त्रासात अडकलेले लोक मी पाहिले आहेत.

हे सगळं स्वच्छ असूनही स्विच जुळत नसेल तर मॅनोमीटरने, म्हणजे दाब मोजणाऱ्या उपकरणाने, ओढ मोजावी लागते. स्विचवर त्याचा आकडा पाण्याच्या इंचांत (हे दाबाचं एकक) छापलेला असतो, उदाहरणार्थ उणे ०.६०. नळीत टी (तीन तोंडांचा जोड) लावून मोजलेली ओढ त्या आकड्यापेक्षा बरीच जास्त असूनही स्विच जुळत नसेल, तर आणि तरच स्विच खराब. ओढ कमी असेल तर इंड्यूसर किंवा मार्गात दोष आहे. नवा स्विच घेताना आकडा तोच हवा. कमी आकड्याचा स्विच लावला की फर्नेस सुरू होईल खरी, पण धूर पुरेसा बाहेर न जाता.

कधी उलटंही होतं. संपर्क चिकटून स्विच जुळलेलाच राहतो, आणि मग इंड्यूसरच सुरू होत नाही. त्याचा कोड वेगळा असतो. अशा वेळी इंड्यूसर बंद असताना नळी काढूनही स्विच जुळलेला दिसला तर तो बदलायचाच.

पाच-सात मिनिटं चालते, मग बर्नर विझतात: लिमिट स्विच

गरम हवा येते, मग ज्योत अचानक जाते, पण ब्लोअर फिरतच राहतो. काही मिनिटांनी पुन्हा पेटते, पुन्हा विझते. हीट एक्स्चेंजरजवळ (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) बसवलेल्या लिमिट स्विचने "फार तापलं" म्हणून गॅस तोडला, असा याचा अर्थ. ही लिमिट बनावटीनुसार साधारण १६० ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ ते ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थंड झाल्यावर स्विच आपोआप जुळतो.

तापायचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: हीट एक्स्चेंजरवरून पुरेशी हवा वाहत नाही. पहिला संशय फिल्टरवर. तो काढून उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसत नसेल तर बोलायलाच नको. नवा फिल्टर असूनही त्रास असेल तर तो फार दाट विणीचा आहे का पाहा. धूळ बारीक अडवतो म्हणून घेतलेला फिल्टर कधीकधी हवेलाच अडवतो. परीक्षा सोपी आहे: फिल्टर काढून, झाकण लावून, एकच फेरी चालवून बघा. लिमिट उघडला नाही तर गुन्हेगार सापडला. नंतर साधा फिल्टर लावा, फर्नेस कायम बिनफिल्टरची चालवू नका.

दुसरं कारण घरातल्यांनीच तयार केलेलं असतं. वापरात नसलेल्या खोल्यांच्या हवेच्या जाळ्या गॅस वाचेल म्हणून बंद केल्या जातात, सोफा परतीच्या जाळीसमोर, म्हणजे घरातली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या जाळीसमोर, सरकवला जातो. सगळ्या उघडा. त्यानंतर ब्लोअरच्या चाकाकडे बघा. त्याच्या वाकड्या पात्यांत धुळीचा थर बसला की मोटर जोरात फिरूनही हवा पुढे जात नाही. फर्नेसवर एसीची कॉइल असेल तर तिच्या खालच्या बाजूला धुळीचं गोधडीसारखं पांघरूण असू शकतं. ते वरून दिसत नाही.

हवा कमी आहे की नाही हे आकड्यातही कळतं. फर्नेसच्या माहितीपट्टीवर तापमानवाढीची मर्यादा लिहिलेली असते, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर परतीच्या हवेचं आणि घरात जाणाऱ्या गरम हवेचं तापमान मोजा. फरक वरच्या मर्यादेपलीकडे असेल तर हवा कमी किंवा गॅस जास्त. गॅसचा दाब मोजणं आणि बदलणं तंत्रज्ञाचं काम आहे.

स्विच स्वतः तपासायचा तर वीज बंद, फर्नेस थंड, दोन्ही वायरी काढून मल्टिमीटर ओहमवर. आकडा शून्याच्या जवळ हवा. थंड असूनही मीटर उघडं सर्किट दाखवत असेल तर स्विच गेला. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उघडलेला लिमिट कमकुवत होऊन लवकर उघडायला लागतो, हेही खरं. पण त्याला कमकुवत कोणी केलं, ते फिल्टरला विचारा.

ज्योत पेटते आणि चार-पाच सेकंदांत जाते: फ्लेम सेन्सर

हा स्विच नाही, पण लोक त्याला स्विचांतच धरतात. बर्नरच्या टोकाशी चिनी मातीच्या बुडातून निघालेली धातूची एक बारीक काडी असते, ती ज्योतीत बुडालेली. ज्योतीतून बोर्डाकडे काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह जातो आणि त्यावरून बोर्डाला कळतं की आग आहे. काडीवर पांढुरका थर चढला की प्रवाह घटतो. समोर ज्योत जळत असूनही बोर्डाला ती दिसत नाही आणि तो गॅस बंद करतो. तीन-चार प्रयत्नांनंतर फर्नेस लॉक होते. बऱ्याच बोर्डांवर हे लॉक तासाभराने आपोआप सुटतं, म्हणून "अधूनमधून चालते" असं वाटतं.

वीज आणि गॅस बंद करून सेन्सरचा एकच स्क्रू सोडा, काडी बाहेर काढा आणि बारीक स्टील वूलने धातू चमकेपर्यंत पुसा. खरखरीत सँडपेपर नको, त्याने ओरखडे पडून थर आणखी लवकर बसतो. चिनी माती तडकली असेल तर सेन्सर बदला. शेजारच्या इग्नायटरला मात्र बोटही लावू नका. तो फार ठिसूळ असतो आणि बोटाचं तेल लागलं तर लवकर फुटतो. साफ करूनही ज्योत टिकत नसेल तर बोर्डाची आणि बर्नरची अर्थिंगची वायर सैल किंवा गंजलेली आहे का पाहा. प्रवाह परत जातो तो त्याच वाटेने.

रोलआउट स्विच: इथे हात आखडता घ्या

बर्नरच्या वर किंवा बाजूला बसवलेल्या या स्विचच्या डोक्यावर एक छोटं बटण असतं. ज्योत आत न जाता बाहेर लोळली की तो उघडतो आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा जुळत नाही. कारणं हलकी नसतात: धुराडं तुंबलेलं, बर्नरमध्ये गंज किंवा कोळ्याचं जाळं, हीट एक्स्चेंजर काजळीने बुजलेला किंवा तडकलेला. जुन्या नैसर्गिक ओढीच्या फर्नेसवर धूर उलटा आला तर उघडणारा असाच स्विच वरच्या धुराड्याजवळ असतो. काहींमध्ये स्विचऐवजी एकदाच वितळणारा दुवा असतो.

बटण दाबण्याआधी टॉर्चने बघा. बर्नरजवळच्या वायरींचं प्लॅस्टिक करपलंय का, पत्र्यावर काजळी किंवा रंग जळाल्याचे डाग आहेत का. यातलं काहीही दिसलं तर बटण दाबूच नका. काहीच दिसत नसेल तर एकदा, फक्त एकदा दाबा आणि खिडकीतून ज्योतीकडे बघत राहा. ब्लोअर सुरू होताच ज्योत डोलायला, पिवळी पडायला किंवा बाहेर यायला लागली तर हीट एक्स्चेंजरला तडा असण्याची दाट शक्यता आहे. लगेच बंद करा. स्विच दुसऱ्यांदा उघडला तरीही बंद. त्या क्षणापासून हे घरच्या दुरुस्तीचं काम राहत नाही.

मीटरने साखळी शोधणं

लक्षणावरून काहीच उमगत नसेल तर २४ व्होल्टची साखळी टप्प्याटप्प्याने तपासता येते. यासाठी वीज चालू ठेवून, झाकणाचा स्विच दाबून धरून काम करावं लागतं. बोर्डावर घराच्या मुख्य पुरवठ्याची वीजही असते, म्हणून विजेच्या कामाची सवय नसेल तर हा भाग वाचून सोडून द्या.

मीटर एसी व्होल्टवर. काळी काडी बोर्डाच्या सी (कॉमन) टर्मिनलला लावून ठेवा. लाल काडी आरला (२४ व्होल्टचा पुरवठा) लावा, २४ ते २८ व्होल्ट दिसले पाहिजेत. नाही दिसले तर ट्रान्सफॉर्मर, फ्यूज किंवा झाकणाचा स्विच. मग डब्ल्यू (उष्णतेच्या मागणीचं टर्मिनल), थर्मोस्टॅट उष्णता मागत असताना. तिथे नसेल तर दोष थर्मोस्टॅटकडे किंवा त्याच्या वायरीत. त्यानंतर लिमिटची आत येणारी वायर, बाहेर जाणारी वायर, तशाच रोलआउटच्या दोन, आणि इंड्यूसर फिरत असताना प्रेशर स्विचच्या दोन. क्रम तुमच्या फर्नेसच्या वायरिंगच्या नकाशावर पाहा, तो झाकणाच्या आत असतो. ज्या स्विचच्या एका बाजूला २४ आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तो उघडा. आता प्रश्न पुन्हा तोच: का?

सगळे स्विच जुळलेले, इग्नायटर तापलेला, गॅस व्हॉल्व्हपर्यंत २४ व्होल्ट पोहोचलेले आणि तरीही गॅस येत नसेल, तर गॅसची चावी उघडी आहे का एवढंच बघा. व्हॉल्व्ह उघडून बघण्याच्या फंदात पडू नका.

दुरुस्तीनंतर

सगळी झाकणं लावून फर्नेस निदान तीन पूर्ण फेऱ्या चालू द्या. थर्मोस्टॅट वाढवा, घर तापू द्या, फर्नेस स्वतःहून थांबू द्या, मग पुन्हा. लिमिट पाच-सात मिनिटांनी उघडतो, ट्रॅपमध्ये पाणी चढायला त्याहून जास्त वेळ लागतो. पहिली ज्योत दिसली की झाकण लावून झोपायला जायचा मोह होतो, तो टाळा. पहिल्या फेरीत ट्रॅपच्या जोडांना कोरडा कागद लावून गळती बघा.

शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला, त्या कोडच्या तक्त्याशेजारी, एक कागद चिकटवा: तारीख, दिसलेला कोड, सापडलेलं कारण, केलेलं काम. आमच्या कागदावर आता सहा ओळी आहेत, त्यातल्या तीन ट्रॅपच्या. म्हणून थंडी सुरू व्हायच्या आधीच तो ट्रॅप धुऊन, पाणी भरून ठेवतो.